निरोगी बदकाच्या पोटातला फ्लू : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रॉबर्ट वेबस्टर यांच्या संशोधनाची ओळख आम्ही मागच्या लेखात करून दिली होती. जन्म १९३२, न्यूझीलंडमधलं बालक्लुथा. शिक्षण ओटागो विद्यापीठात आणि पुढे कॅनबेरात. १९६८पासून त्यांनी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या सेंट ज्यूड बालरुग्णालयाच्या संशोधन संस्थेत काम केलं. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझा-ए विषाणूचं मूळ घर पाणपक्ष्यांमध्ये आहे, हे दाखवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. लेखानंतर बरेच प्रश्न आले. काही विद्यार्थ्यांचे होते, काही प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचे, काही कोंबड्या पाळणाऱ्यांचे. त्यातले सात इथे घेतले आहेत.

प्रश्न : समुद्रकिनाऱ्यावर मेलेले पक्षी पाहून वेबस्टर यांना फ्लूची शंका आली, असं तुम्ही लिहिलं होतं. पक्षी तर हजार कारणांनी मरतात. मग फ्लूच का सुचला? (बी.एस्सी. विद्यार्थिनी, सातारा)

कारण एक जुनी नोंद त्यांच्या डोक्यात होती. १९६१ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुरय पक्षी हजाराच्या वर मेले होते आणि त्यांच्यातून इन्फ्लुएंझा-ए विषाणू वेगळा केला गेला होता. आजच्या भाषेत तो एच५एन३ (एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, एन म्हणजे न्यूरॅमिनिडेज, ही विषाणूच्या पृष्ठभागावरची दोन प्रथिनं; आकडे त्यांचे प्रकार सांगतात). त्याआधी १९५५ साली जर्मनीत वेर्नर शेफर यांनी कोंबड्यांचा जुना ‘फाउल प्लेग’ हा इन्फ्लुएंझाच आहे, हे दाखवलं होतं. त्यामुळे १९६७ साली वेबस्टर आणि त्यांचे सहकारी ग्रॅम लेव्हर न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरून चालत होते आणि वाळूत थोड्या थोड्या अंतरावर मेलेले शिअरवॉटर हे समुद्रपक्षी दिसत होते, तेव्हा हा प्रश्न पडायला जमीन तयार होती.

पुढचा टप्पा जास्त शिकण्यासारखा आहे. ते मेलेल्या पक्ष्यांच्या मागे लागले नाहीत. ग्रेट बॅरियर रीफमधल्या ट्रायन बेटावर शिअरवॉटर अंडी घालायला येतात. तिथे जाऊन त्यांनी धडधाकट पक्षी पकडले, रक्त घेतलं, घशातून स्वॅब घेतले. आधी हाती लागल्या त्या अँटीबॉडी, आणि त्याही १९५७च्या ‘एशियन फ्लू’च्या, म्हणजे माणसाच्या विषाणूच्या, न्यूरॅमिनिडेजशी जुळणाऱ्या. प्रत्यक्ष विषाणू मिळायला १९७२ साल उजाडलं. तो एच६एन५ निघाला.

हा क्रम ध्यानात ठेवा. पक्षी विषाणू बाहेर टाकतो तो जेमतेम आठवडाभर, कधी थोडा जास्त. रक्तातली अँटीबॉडी महिनोन्‌महिने टिकते. नव्या प्राण्यात शोध सुरू करताना आधी रक्तद्रव (सीरम) तपासलं तर हा विषाणू इथे येऊन गेला का, ते थोड्या नमुन्यांत कळतं. मग कोणत्या वयाचे पक्षी, कोणता महिना हे ठरवून स्वॅब घ्यायचे. एकदम स्वॅबपासून सुरुवात करणाऱ्यांच्या पदरी शेकडो निगेटिव्ह नळ्या पडतात आणि ‘इथे विषाणू नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

प्रश्न : बदकं आजारी दिसत नाहीत, मग विषाणू असतो कुठे? आणि पाणथळीवर नमुने घ्यायचे तर नेमकं काय करावं? (पशुवैद्यक विद्यार्थी, परभणी)

आतड्यात. आमच्या मते वेबस्टर यांच्या कामाचा गाभा तोच आहे. फ्लू म्हणजे श्वसनाचा रोग, ही समजूत इतकी पक्की होती की पक्ष्यांचेही घशातलेच स्वॅब घेतले जात. १९७८ साली त्यांच्या गटाने दाखवलं की बदकात हा विषाणू मुख्यतः आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो, तोही प्रचंड प्रमाणात. काही नमुन्यांत ग्रॅमभर विष्ठेत संसर्गक्षम मात्रा दहा कोटींच्या वर भरली. विष्ठेत हा विषाणू ४ अंश सेल्सिअसला निदान ३० दिवस आणि २० अंशांना सुमारे ७ दिवस जिवंत राहिला. बदक पाण्यात विष्ठा टाकतं आणि तेच पाणी दुसरं बदक पितं, एवढ्यावर चक्र पूर्ण होतं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या तळ्यांचं पाणी दाट न करता तसंच विषाणू वाढवण्यासाठी वापरतात त्या कोंबडीच्या अंड्यात टोचलं, तरी विषाणू मिळाला होता.

अल्बर्टातल्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं उन्हाळ्याच्या शेवटी, स्थलांतरापूर्वी एकत्र जमतात, तेव्हा त्यांच्यात संसर्ग २० टक्क्यांपर्यंत चढतो. तीच बदकं हिवाळ्यात दक्षिणेला पोचतात तोवर प्रमाण अगदी खाली येतं. म्हणजे आपल्याकडे जायकवाडीला किंवा उजनीला जानेवारीत आलेल्या बदकांचे पन्नास नमुने घेऊन विषाणू सापडला नाही, तर त्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. प्रमाण एक टक्का असेल तर निदान एक पॉझिटिव्ह हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास सुमारे ३०० नमुने लागतात.

आता कामाची रीत. वन्य पक्षी पकडायला वनखात्याची परवानगी लागते, ती आधी घ्या. ताजी विष्ठा गोळा करायला पक्षी हाताळावा लागत नाही. पहाटे थवा उठून गेल्यावर लगेच जायचं आणि ओली, चकाकणारी विष्ठाच घ्यायची. उन्हात वाळलेली घेऊ नका. प्रत्येक ढिगाला नवा स्वॅब, आणि दोन नमुन्यांत थोडं अंतर सोडा, नाहीतर एकाच पक्ष्याचे चार नमुने होतात. पक्षी हातात असेल तर दोन स्वॅब घ्या : एक अवस्करातून (पक्ष्याच्या विष्ठाद्वारातून), त्यावर विष्ठा दिसली पाहिजे, आणि एक घशातून. अवस्कराचा स्वॅब बदकांतल्या नेहमीच्या सौम्य विषाणूंसाठी महत्त्वाचा. अलीकडचे घातक एच५ विषाणू मात्र घशातून जास्त मिळतात, म्हणून दोन्ही हवेत.

स्वॅब कृत्रिम धाग्याचा आणि प्लॅस्टिकच्या दांडीचा असावा. कॅल्शियम अल्जिनेटचा किंवा लाकडी दांडीचा नको, त्यांतली द्रव्यं पीसीआर बिघडवतात. नळीत फॉस्फेट बफर, सामू (पीएच) ७.० ते ७.४, आणि प्रतिजैविकं. ऊती व घशाच्या स्वॅबसाठी रूढ प्रमाण मिलिलिटरला पेनिसिलिन २००० युनिट, स्ट्रेप्टोमायसिन २ मिलिग्रॅम, जेंटामायसिन ५० मायक्रोग्रॅम आणि बुरशीसाठी नायस्टॅटिन १००० युनिट. विष्ठा आणि अवस्कराच्या स्वॅबसाठी हेच पाचपट. प्रतिजैविकं घातल्यावर सामू पुन्हा तपासा. तो घसरलेला असतो आणि आम्लात इन्फ्लुएंझा टिकत नाही. ही एक पायरी गाळल्याने अख्ख्या सहलीचे नमुने वाया जातात.

नळी लगेच बर्फात, ४ अंशांवर ठेवा. चार दिवसांत प्रयोगशाळेत पोचत असेल तर तशीच न्या. उशीर होणार असेल तर उणे ८० अंश किंवा द्रव नायट्रोजन. घरगुती फ्रीझरच्या उणे २० अंशांत ठेवू नका. विषाणूचं आवरण मेदाचं असतं, आणि या तापमानाला हळूहळू होणाऱ्या गोठण्याने ते फाटतं. पीसीआर कदाचित पॉझिटिव्ह येईल, पण जिवंत विषाणू हाती लागणार नाही.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत सरावासाठी राणीखेतच्या (मानमोडीच्या) लसविषाणूवर अंड्यातली वाढ आणि एचए चाचणी (विषाणू तांबड्या रक्तपेशींना गुंफतो का, ते पाहणं) करतो. टायटर (द्रव कितीपट पातळ केला तरी पेशी गुंफतात, तो आकडा) कधी १:२५६, कधी १:१६, तर कधी काहीच नाही. चूक कुठे होत असावी? (तंत्रज्ञ, कोल्हापूर)

लसविषाणूवर सराव करताय, हे योग्यच आहे. बर्ड फ्लूचा संशय असलेला नमुना साध्या प्रयोगशाळेत अंड्यात टोचायचा नसतो. ते काम बीएसएल-३ म्हणजे उच्च जैवसुरक्षा असलेल्या सुविधेतलं. आपल्याकडे प्राण्यांचे असे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. रीत मात्र दोन्हींकडे जवळपास एकच. वेबस्टर यांच्या प्रयोगशाळेतही अर्धशतकभर याच दोन साधनांवर काम चाललं : कोंबडीचं अंडं आणि तांबड्या पेशी.

आधी अंडी पाहा. लसीकरण झालेल्या कळपातल्या अंड्याच्या बलकात आईकडून आलेल्या अँटीबॉडी असतात आणि त्या विषाणूला दाबतात. राणीखेतची लस जवळपास प्रत्येक पोल्ट्रीत दिली जाते. तुमच्या चढउतारामागचं पहिलं संशयित कारण आम्हाला हेच वाटतं : एका खेपेची अंडी एका फार्मची, दुसरी दुसऱ्याची. रोगमुक्त कळपाची (एसपीएफ) अंडी महाग पडतात, पण निदान महत्त्वाच्या खेपेला तीच घ्या.

अंडी ९ ते ११ दिवसांची हवीत. अंधारात दिव्यावर धरून जिवंत गर्भ, ठळक रक्तवाहिन्या आणि हालचाल बघा. हवेच्या पोकळीची कड पेन्सिलीने आखा. कडेच्या किंचित वर, मोठी रक्तवाहिनी टाळून भोकाची खूण करा. ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्या. भोक पाडून १ मिलिलिटरच्या सिरिंजने ०.१ ते ०.२ मिलिलिटर द्रव ॲलँटॉइक पोकळीत (गर्भाभोवतीच्या द्रवाने भरलेल्या पिशवीत) सोडा आणि भोक मेणाने बुजवा. पक्ष्यांच्या विषाणूंना ३७ अंश, माणसाच्या फ्लूला ३३ ते ३५ अंश. हा फरक विसरला तर माणसाचा विषाणू वाढत नाही.

किती पातळ करून टोचता, हे लिहिलेलं नाही. आधीच्या खेपेचा दाट द्रव जसाच्या तसा टोचत असाल तर टायटर घसरणारच. एकाच पेशीत भाराभर विषाणू शिरले की अपुऱ्या जनुकांचे, वांझ कण तयार होतात आणि ते धड विषाणूंच्या वाढीत अडथळा आणतात. हजारपट ते दहा हजारपट पातळ करून टोचा. खबरदारीने केलं तर उत्पन्न कमी नाही, जास्त येतं.

२४ तासांच्या आत मेलेली अंडी सुई लागल्याने किंवा जिवाणूंमुळे मेली, असं धरून फेकण्याची पद्धत आहे. सरावात ती चालेल. निदानाच्या कामात मेलेलं प्रत्येक अंडं थंड करून तपासायचंच, कारण घातक एच५ किंवा एच७ विषाणू गर्भाला फार लवकर मारतो.

द्रव काढण्याआधी अंडी ४ अंशांत रात्रभर, निदान ४ तास ठेवा. घाई झाली तर कापताना रक्तवाहिन्यांतून रक्त द्रवात मिसळतं, त्या तांबड्या पेशींना विषाणू चिकटतो आणि पेशींबरोबर तळाला बसून हातातून निघून जातो. द्रव गुलाबी दिसला की टायटर पडणारच. पेंढ्यासारखा पिवळसर, स्वच्छ द्रव हवा.

चाचणीकडे येऊ. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या तळाची प्लेट, कोंबडीच्या तांबड्या पेशींचं १ टक्का मिश्रण, दुप्पट-दुप्पट पातळ केलेला विषाणू. विषाणू असेल तर पेशी जाळीसारख्या गुंफून राहतात. नसेल तर तळाशी बिंदू होऊन बसतात, आणि प्लेट तिरपी धरल्यावर तो बिंदू अश्रूच्या थेंबासारखा ओघळतो. तिरपी न धरता वाचणं ही फार सर्रास चूक. खोलीचं तापमान २० अंशांच्या आसपास असेल तर ४० मिनिटांनी वाचा. मे महिन्यात खोली ३४ अंशांवर असेल तर प्लेट ४ अंशांत ठेवून ६० मिनिटांनी वाचा, कारण उष्णतेत विषाणूचं न्यूरॅमिनिडेज पेशींवरची पकड सोडवतं आणि गुंफलेली जाळी डोळ्यांदेखत सुटते. ‘कधी काहीच नाही’ असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण ऋतूतही असू शकेल. नोंदवहीत खोलीचं तापमान लिहायला लागा.

पेशी आठवड्याहून जुन्या नकोत, आणि धुतल्यावर वरचा द्रव लालसर राहिला तर त्या फुटत आहेत, टाकून द्या. प्रत्येक प्लेटवर विषाणूविना फक्त पेशींची एक रांग ठेवा.

पुढे एचआय चाचणी (रक्तद्रवातल्या अँटीबॉडी विषाणूचं पेशी गुंफणं किती रोखतात, ते मोजणं) कराल तेव्हा त्यात लागणाऱ्या विषाणूच्या ४ युनिटांचा हिशेब जपून करा (पेशी जेमतेम गुंफणारी मात्रा म्हणजे १ युनिट). २५ मायक्रोलिटरच्या प्लेटवर टायटर १:१२८ आलं, तर १:३२ पातळ केल्यावर २५ मायक्रोलिटरात ४ युनिट मिळतात. पण टायटर ५० मायक्रोलिटरवर काढून वापर २५चा केला तर युनिट निम्मे भरतात आणि रक्तद्रवातली अँटीबॉडी खरी असते त्याच्या दुप्पट दिसते. केलेलं मिश्रण पुन्हा तपासा : मूळ, १:२ आणि १:४ या तिन्हींत पेशी गुंफल्या आणि १:८ ला बसल्या, तर ४ युनिट बरोबर. आणि अंड्यातल्या द्रवाने पेशी गुंफल्या म्हणजे इन्फ्लुएंझा, असं कधीही गृहीत धरू नका. राणीखेतही तेच करतो, आणि तुमच्याकडे तर तो घरातच आहे.

प्रश्न : विषाणू एकच, मग कधी कोंबड्या नुसत्या अंडी कमी देतात आणि कधी शेड दोन दिवसांत रिकामी होते, असं का? (पोल्ट्री व्यावसायिक, नंदुरबार जिल्हा)

याचं उत्तर पेनसिल्व्हेनियात १९८३ साली मिळालं. एप्रिलमध्ये तिथल्या पोल्ट्रीत एच५एन२चा सौम्य आजार आला. ऑक्टोबरमध्ये तोच विषाणू शेडच्या शेड संपवू लागला. शेवटी सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी मारावे लागले. वेबस्टर आणि त्यांच्या प्रयोगशाळेतले योशिहिरो कावाओका यांनी दोन्ही विषाणूंची जनुकं समोरासमोर ठेवली. फरक केवढा, तर हिमॅग्लुटिनिनवरची एक साखरेची साखळी गळली होती.

विषाणूला पेशीत शिरण्याआधी त्याचं हिमॅग्लुटिनिन एका ठरावीक जागी कापलं जावं लागतं. सौम्य विषाणूला कापणारी विकरं फक्त आतड्यात आणि श्वासनलिकेत असतात, म्हणून तो तिथेच राहतो. कापण्याच्या जागी आर्जिनिन, लायसिन ही आम्लारीधर्मी अमिनो आम्लं ओळीने आली की शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींतलं विकर ते कापू शकतं आणि विषाणू मेंदू, हृदय, मूत्रपिंड सगळीकडे पसरतो. पेनसिल्व्हेनियाच्या विषाणूत ही अमिनो आम्लं एप्रिलपासूनच होती. साखळीने ती जागा झाकली होती, एवढंच. म्हणून ‘सौम्य आहे, बघू’ असं एच५ आणि एच७च्या बाबतीत म्हणायचं नसतं. अंडी अचानक कमी झाली, तुरे-गलोल निळसर झाले, मर वाढली, की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेला पक्षी उघडून बघू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका.

तुमचा जिल्हा हे जाणतोच. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला एच५एन१ नवापूरला निघाला होता.

रोजच्या कामात चार गोष्टी पाळा. बदकं आणि कोंबड्या एकाच आवारात नकोत. तळ्याचं, कॅनॉलचं पाणी क्लोरीनशिवाय पाजू नका. कोंबड्या पाणी पितात त्या निपलच्या नळीच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन मोजा, टाकीत नाही. शेडमधले बूट शेडमध्येच राहिले पाहिजेत. आणि अंड्यांचे ट्रे : कागदी ट्रे दुसऱ्या फार्मवरून परत घेऊ नका, प्लॅस्टिकचे धुऊन मगच जंतुनाशकात बुडवा. विष्ठा लागलेल्या वस्तूवर हायपोक्लोराइट फवारलं तर ते विष्ठेशी झगडण्यातच खर्ची पडतं. आधी साबणाने घासणं, मग फवारणं. उष्णतेपुढे हा विषाणू कमजोर आहे, ६० अंशांना अर्ध्या तासात मरतो, त्यामुळे नीट शिजवलेलं चिकन आणि अंडी खायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : १९९७ साली हाँगकाँगमध्ये वेबस्टर यांनी नेमकं काय केलं? (शिक्षक, नाशिक)

मे १९९७मध्ये तिथे तीन वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याच्या घशातला विषाणू नेहमीच्या कुठल्याच अँटीसीरमशी (विषाणू ओळखायला वापरतात त्या अँटीबॉडीयुक्त रक्तद्रवाशी) जुळेना. ऑगस्टमध्ये तो एच५एन१ असल्याचं स्पष्ट झालं. पक्ष्याचा विषाणू थेट माणसाला मारतो, हे तोवर कुणी गृहीतच धरलं नव्हतं. नोव्हेंबर-डिसेंबरात रुग्ण वाढले. एकूण १८ जणांना लागण झाली, ६ दगावले.

तिथल्या विद्यापीठात केनेडी शॉर्टरिज १९७०च्या दशकापासून दक्षिण चीनमधल्या पाळीव बदकांवर काम करत होते. ही पायाभरणी नसती तर पुढचं काही जमलं नसतं, आणि श्रेय वाटताना त्यांचं नाव मागे पडतं, हे आम्हाला खटकतं. वेबस्टर तिथे पोचल्यावर दोघांच्या गटांनी जिवंत पक्ष्यांच्या बाजारातून विष्ठेचे स्वॅब घेतले. कोंबड्यांत साधारण पाचातली एक पॉझिटिव्ह निघाली, बदकं-हंसांत शंभरात दोन-तीन. पिंजऱ्यावर पिंजरे, वर बदकं आणि खाली कोंबड्या, अशी तिथली मांडणी होती. डिसेंबरच्या अखेरीस प्रशासनाने सुमारे १५ लाख पक्षी मारले. त्यानंतर माणसांतले नवे रुग्ण थांबले. बाजार पुन्हा उघडले तेव्हा बदकं-हंस वेगळे केले, पुढे महिन्यातून एक दिवस बाजार पूर्ण रिकामा ठेवून धुण्याचा नियम आला, आणि २००२ साली लावा पक्षीही हटवले.

लसीचा प्रश्न उरला. लस अंड्यात वाढवतात, आणि हा विषाणू तर गर्भालाच मारतो. त्यावर वेबस्टर यांच्या प्रयोगशाळेतले एरिक हॉफमन यांनी २००० साली आठ प्लाझ्मिडांची पद्धत बसवली. विषाणूच्या आठ जनुकखंडांसाठी आठ डीएनए-वर्तुळं पेशीत सोडायची, आणि दोनतीन दिवसांत पेशीतून अख्खा विषाणू बाहेर येतो. सहा खंड अंड्यात जोमाने वाढणाऱ्या १९३४च्या प्रयोगशाळेतल्या जुन्या विषाणूचे, दोन एच५एन१चे, आणि हिमॅग्लुटिनिनमधली ती घातक अमिनो आम्लांची ओळ कापून टाकलेली. २००३ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ पुन्हा आला, तेव्हा याच रीतीने चार आठवड्यांत लसीचं बीज तयार झालं.

जनुकांचे आठ सुटे खंड ही गोष्ट नीट समजून घ्या, वर्गातही सांगता येईल. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले तर पत्ते पिसल्यासारखी खंडांची अदलाबदल होते. दोनाचा आठवा घात, म्हणजे २५६ जुळण्या शक्य. वेबस्टर यांनी १९७१ साली डुकरांत आणि टर्की पक्ष्यांत दोन विषाणू एकत्र सोडून हे जिवंत प्राण्यात घडतं, हे दाखवलं. १९५७च्या साथीच्या विषाणूत तीन खंड पक्ष्यांचे निघाले, १९६८च्या विषाणूत दोन.

प्रश्न : पक्ष्यांवर एवढा खर्च. रुग्णाच्या हातात त्यातून काय आलं? (सेवानिवृत्त वाचक, पुणे)

२००९च्या स्वाइन फ्लूत पुण्यात घराघरांत माहीत झालेली टॅमिफ्लूची गोळी आठवा. ती न्यूरॅमिनिडेजला अडवते, म्हणजे नवे विषाणू पेशीतून सुटून निघतात ती कात्रीच बोथट करते. या कात्रीचा आकार अणूअणूंपर्यंत कळायला तिचे स्फटिक हवे होते, आणि ते करण्यात लेव्हर यांचा हातखंडा होता. पीटर कोलमन यांच्या गटाने १९८३ साली त्यावरून पहिली रचना उलगडली. पुढच्या कामात फार उपयोगी पडलेले उत्तम स्फटिक होते एन९ प्रकाराचे, आणि तो विषाणू १९७५ साली ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका सुरयकुळातल्या पक्ष्याकडून मिळाला होता. कात्रीचं पातं सगळ्या फ्लूंमध्ये जवळपास सारखं असल्याने पक्ष्याच्या विषाणूवर मापं घेतलेलं औषध माणसाला लागू पडलं. १९९९ साली झानामिव्हिर आणि ओसेल्टामिव्हिर दोन्ही बाजारात आली. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतलं तर त्यांचा खरा फायदा, त्यामुळे डॉक्टरांकडे जायला चौथ्या दिवसाची वाट बघू नका.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, तिला या विषयात जायचंय. रस्ता कोणता? शिवाय गोरेवाड्याच्या वाघांची बातमी वाचल्यापासून भीती वाटते. (पालक, नागपूर)

भीतीचं आधी. २०२४च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने दगावले. मार्जारकुळाला हा विषाणू फार जड जातो. थायलंडमध्ये २००४ साली कच्च्या कोंबड्या खाऊ घातल्याने एका प्राणिसंग्रहालयातले सुमारे दीडशे वाघ गेले, काही मेले आणि काही मारावे लागले. घरच्या मांजराला कच्चं चिकन घालू नका. अमेरिकेत २०२४च्या मार्चपासून दुभत्या गायींत एच५एन१ आला, तिथेही गोठ्यातली मांजरं कच्चं दूध पिऊन मेली. विषाणू कासेत वाढतो आणि दुधात उतरतो. ७२ अंशांवर १५ सेकंदांच्या पाश्चरायझेशनने तो निष्प्रभ होतो, आणि आपल्याकडे दूध उकळून घेतात, त्यात तर नक्कीच.

रस्ते दोन. पशुवैद्यकाचा : नीट परीक्षा, बी.व्ही.एस्सी. (नागपूर, परळ, परभणी ही महाविद्यालयं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात), पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात एम.व्ही.एस्सी. दुसरा विज्ञानाचा : सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात बी.एस्सी., मग विषाणूशास्त्रात एम.एस्सी. पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडून असा अभ्यासक्रम चालवते. त्यानंतर नेट आणि पीएच.डी. प्राण्यांकडून येणाऱ्या विषाणूंचंच काम करायचं असेल तर पहिला रस्ता आम्हाला सरस वाटतो. कोंबडीचं रक्त काढता येणं, शवविच्छेदन करता येणं, हे नंतर शिकायला अवघड जातं. पण तिला संख्याशास्त्र आणि संगणकावर जनुकक्रम वाचणं हेही आलं पाहिजे, आणि पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात ते पुरेसं नसतं. सुट्टीत स्वतंत्रपणे शिकावं लागेल.

कामाची चाल कशी असते, तेही तिला आधी कळू द्या. वेबस्टर यांचा गट १९८५पासून दर मे महिन्यात डेलावेअर उपसागराच्या किनाऱ्यावर जात राहिला. तिथे खेकड्यांसारखे दिसणारे हॉर्सशू क्रॅब वाळूत अंडी घालतात आणि ती खायला टर्नस्टोन हे किनारपक्षी उतरतात. त्याच किनाऱ्यावर, त्याच आठवड्यांत, हजारो स्वॅब. कोणते उपप्रकार किती वर्षांनी परततात, ते अशा सलग नोंदीतूनच दिसतं. एखादं वर्ष चुकलं तर ती फट पुन्हा भरता येत नाही.

आणि या क्षेत्रात शिरली की दोन नियम पहिल्या दिवसापासून : माणसाच्या फ्लूची लस दरवर्षी घ्यायची, म्हणजे दोन विषाणू तिच्या अंगात एकत्र येण्याची शक्यता कमी होते. आणि घरी कोंबड्या, बदकं किंवा पोपट पाळायचे नाहीत.